चांगल्या रिपोर्टचा संशय

रहांगडाले डॉक्टरांना कोणी नमस्कार केला, की ते आधी थबकायचे. हात जोडणाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे आणि मग विचारायचे, "काऊन? काय काम आहे?" काम नाही, सहजच केला नमस्कार, असं कोणी म्हटलं की झालंच. सहज कोणी काही करतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

नवेगाव बांध या आमच्या गावात त्यांचा दवाखाना आणि माझं मेडिकल अगदी समोरासमोर. मधे फक्त रस्ता. त्यामुळे सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते इथं आले तेव्हापासून गाव सोडून जाईपर्यंत मी त्यांना रोज पाहिलं, रोज भांडले आणि रोज त्यांच्या चिठ्ठ्यांवरची औषधं दिली. उंच, हडकुळे, शर्टाची वरची गुंडीही लावलेली, आणि नाक असं की माणसाच्या आधी नाकच दवाखान्यात शिरतं की काय असं वाटावं. गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं हुंग्या डॉक्टर. त्यांना ते ठाऊक होतं. फक्त कोणी ठेवलं याचा तपास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

पेशंट जे सांगेल ते खोटं, इथूनच त्यांची तपासणी सुरू व्हायची. "किती दिवसापासून ताप?" पेशंटनं सांगितलं, की त्याला बाहेर बसवायचे आणि बायकोला आत बोलवायचे. तोच प्रश्न. मग ज्याच्या गाडीवर बसून ते आले असतील, त्याला आत. तोच प्रश्न. गोळ्या संपल्या म्हटलं तर रिकामी पट्टी दाखवा. रिकामी पट्टी दाखवली तर म्हणायचे, "पट्टी रिकामी झाली हे दिसून राहिलं. कोणाच्या पोटात गेली ते सांग. तुझ्या कोंबड्याची तब्येत तर चांगली झाली नाही ना?" एकदा तर लॅबवाल्याचा संशय आला म्हणून स्वतःचंच रक्त दोन वेगळ्या नावांनी पाठवलं. दोन्ही रिपोर्ट सारखे आले. तर म्हणे, "यानं ओळखलं वाटते."

दारूच्या बाबतीत मात्र त्यांचा संशय वेगळ्याच पातळीवरचा होता. आमच्याकडे मोहाची झाडं आहेत तोवर मोहाची राहणारच, आणि डॉक्टरापुढे बसलेला प्रत्येक गडी सांगणार, "मी? नाही जी. मी तर शिवत पण नाही." असं म्हणताना तोंडात लवंग, नाहीतर जांबाचं, म्हणजे पेरूचं, पान चावलेलं. डॉक्टरांनी त्याचाही अभ्यास केला. संध्याकाळी दवाखान्याचं दार थोडा वेळ लोटलेलं असायचं, आणि गावात कुजबुज होती की हुंग्या स्वतःच आत बसून ढोसतो. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. शेवटी एक दिवस रिकाम्या खोक्याचं निमित्त करून मी दार ढकललं. टेबलावर मोहाच्या दारूची शिशी होती, उघडी. बाजूला लवंग, जांबाची पानं, कच्चा कांदा, बडीशेप. डॉक्टर एकेक वस्तू चावून शिशीवर वाकत होते आणि हुंगत होते.

"कोणत्या वासाखाली कोणता वास दबते, ते पाहून राहिलो," ते म्हणाले. "अन् तू कायले आली? खोका तर सकाळीच नेला तू."

दारूचा एवढा राग कशापायी, याच्या कहाण्या गावात पुष्कळ. कोणी म्हणे त्यांचा भाऊ दारूत गेला, कोणी म्हणे बाप. मी एकदा सरळ विचारलंच. डॉक्टर भडकले. "माझा भाऊ भंडाऱ्याला मास्तर आहे, चांगला धडधाकट. बाप नव्वदीत गेला, झोपेत. शंका घ्याले घरातलं कोणी मराच लागते का?"

आमच्याकडचे एक राइस मिलवाले शेठ होते. भर मे महिन्यात छातीवर गमछ्याची चौघडी घेऊन आले. "थकवा वाटते, डॉक्टर. बाकी काही नाही. घेतो म्हणाल तर लग्नाबिग्नात, तेवढंच." मी चिठ्ठीतलं एक औषध कळेना म्हणून विचारायला गेले होते, दारातच उभी. डॉक्टर म्हणाले, "गमछा काढा."

शेठ म्हणाले, "राहू द्या ना. सवय आहे."

"उन्हाळ्यात? काढा."

काढला. शर्टातूनही दिसत होतं, छाती बाईमाणसासारखी भरलेली. डॉक्टरांनी मला जायची खूण केली. मी दाराआड झाले, पण कान काही घरी ठेवून आले नव्हते. डॉक्टरांनी आधी विचारलं, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत का, कारण काही गोळ्यांनीही असं होतं. नव्हत्या. मग म्हणाले, "पुरुषाच्या अंगातही बाईचं हार्मोन असते, थोडं. लिव्हर रोज त्याले साफ करते. लिव्हर थकलं का ते साफ होत नाही, साचते. अन् पुरुषाचं आपलं हार्मोन दारूनं घटते. मिशी विरळ होते, तळहात लाल होते, छाती भरते. आता सांगा, लग्नं किती लागतात तुमच्याकडे? रोज एक?"

शेठ ताडकन उठून गेले, चार शिव्या देऊन. पंधरवड्यानं मागच्या दारानं परत आले. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडून अशी गोष्ट कधी बाहेर गेली नाही, आणि त्यांना माझाच संशय असायचा. शेठनीच पुढं स्वतः सांगितलं, दारू सुटल्यावर.

पण मला सांगायची आहे ती सुखरामची गोष्ट. डॉक्टर म्हटलं की मला तीच आठवते.

सुखराम ढिवर. तलावावर मासोळी धरायचा, आणि त्याची बायको शेवंता बाजारात विकायची. शेवंता म्हणजे खणखणीत बाई. महिला बचत गटाची अध्यक्ष, दारूभट्टी फोडायला निघालेल्या बायकांत सगळ्यांत पुढं. सुखरामला शुगर निघाली तेव्हा तीच त्याला दंडाला धरून डॉक्टरांकडे घेऊन आली. डॉक्टरांनी गोळी लिहिली, जी शरीराला जास्त इन्सुलिन काढायला लावते आणि साखर खाली आणते. वर बजावलं, "भात कमी कर. वेळेवर जेव. पेतेस का?"

"तलावाची आण, नाही जी."

शेवंताला वेगळं विचारलं. ती म्हणाली, "मी अध्यक्ष आहो जी गटाची. माझ्या घरात दारू?"

डॉक्टर गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं म्हणजे पटलं असं कधीच नसायचं.

पुढच्या खेपेला शुगर उतरली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी उतरली. सकाळची उपाशीपोटीची शुगर तर इतकी छान, की माझ्याच काउंटरवर शेवंतानं रिपोर्ट चारचौघांना दाखवला. डॉक्टरांसाठी ती मोठा मासा घेऊन गेली, जिवंत, टोपलीत फडफडणारा. डॉक्टरांनी माशाकडे पाहिलं. "हा काऊन?"

"खुशीनं जी. शुगर उतरली ना."

"कायनं उतरली?"

दुसरा कोणी डॉक्टर असता तर पाठ थोपटून घेतली असती स्वतःची. हे मात्र रिपोर्ट हातात घेऊन खिडकीशी उभे. तोच माणूस, तीच गोळी, आणि शुगर अशी धडाधड खाली? त्यांनी पुन्हा तपासायला लावली. पुन्हा तीच. मासा परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. "मंदा, सुखरामले तू दुसरी काही गोळी देऊन राहिली का? चिठ्ठीशिवाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डॉक्टर, माझ्या बापानं हे दुकान चालवलं, आता मी चालवते. आजवर चिठ्ठीशिवाय साधी खोकल्याची बाटली दिली असेल तर माझं नाव बदला!"

"भडकू नको. तू नाही दिली, तर मग एकच गोष्ट उरते." ते माझ्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "रात्री तू उपाशी झोपली तरी सकाळी उठतेस ना? रात्रभर तुले कोण पोसते? लिव्हर. ते म्हणजे घरातली धान साठवाची ढोली समज. जेवण झालं का उरलेली साखर तिथं भरून ठेवते. रात्री शरीर हार्मोन धाडते, निरोप्यासारखं, का बाई, साखर सोड. लिव्हर सोडते. ढोली आटली तर नवी साखर बनवते. बरोबर?"

"बरोबर."

"आता घरात दारू आली. दारू म्हणजे जहर. तिले आधी बाहेर काढा लागते. लिव्हर सगळी कामं टाकून तिच्याच मागे धावते. नवी साखर बनवणं बंद. निरोप्या दारात उभा राहून बोंबलते, पण आत ऐकाले कोणी मोकळं नाही. दुसरेही निरोपे असते मदतीले, दारूनं ते पण सुस्त होते. अन् जेवण नसन तर ढोलीत आधीच काही नाही. अन् वरून आपली गोळी इन्सुलिन ढकलूनच राहिली. सकाळी शुगर छान येणारच ना!" ते उठले. "सुखराम पेते. अन् उपाशी पेते. हा रिपोर्ट चांगला नाही, मंदा. हा रिपोर्ट मले भेव दाखवून राहिला."

खरं सांगते, मला तेव्हा वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. चांगलं झालेलंही ज्याला बघवत नाही, अशा माणसाला काय म्हणायचं!

त्यांनी शेवंताला बोलावून घेतलं, रात्री सुखराम काय जेवतो विचारलं. ती अभिमानानं म्हणाली, "भात बंद केला जी पुरा. कमी करता करता मन ढळते, त्यापेक्षा बंदच बरा." आणि भाताऐवजी काय? तर काही नाही. आमच्याकडे भात हेच जेवण. भात नाही म्हणजे ताट नाही. थोडं मासोळीचं कालवण पिऊन गडी झोपतो. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. भात कमी कर पण थोडा खायचाच, नाहीतर पोळी कर, असं सांगून गोळी अर्धी केली. पेतो का, हे पुन्हा विचारलं. शेवंतानं पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि जाताना माझ्या दुकानावर येऊन कडाकडा बोटं मोडली. "पाहिलं का वो मंदाताई? औषध लागू पडलं तर गोळी कमी केली! कशी शुगर वाढवाची तेच पाहते हा बुढा." गोळी तिनं अर्धी केलीच नाही. हे नंतर कळलं.

मग ते लग्न. गावातल्या एका पटेलाच्या मुलीचं, दुपारचं. सारं गाव मांडवात. डॉक्टरही आले होते आणि पनीरच्या भाजीजवळ उभे राहून पनीर कुठून आणलं याची चौकशी करत होते. लग्न लागायला उशीर होत होता. जेवणं लग्नानंतर. मांडवामागे गड्यांचं काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी प्यायला मी मागे गेले तर गोठ्याजवळ चारपाच जण हसत होते. सुखरामला दोघांनी बगलेत धरून तणसावर निजवलं होतं. मान कलंडलेली. "जास्त झाली ढिवराले," एक जण म्हणाला. शेवंता तिथंच होती, पदर तोंडावर घेतलेला. मला पाहिलं तशी पुढं आली आणि माझा हात घट्ट धरला. "मंदाताई, हात जोडते, बोलू नोको. झोपू दे त्यांले. उतरली का उठतीन. त्या हुंग्याले कळलं तर साऱ्या गटात माझी इज्जत जाईन."

मी गप्प राहिले. वासच एवढा येत होता, की दुसरं काही असेल असं मनातही आलं नाही.

शेवंता मांडवात परतली. जाता जाता डॉक्टर समोर आले आणि ती त्यांच्याकडे पाहून हसली. चुकलं तिथंच. डॉक्टर थेट माझ्याकडे आले. "शेवंता मले पाहून हसली. ती मले पाहून शिव्या देते, हसत नाही. सुखराम कुठे?"

तिथल्या एकानं सांगितलं, तलावावर गेला. दुसरा म्हणाला, घरी. तिसऱ्यानं विचारलं, कोण सुखराम? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे गोठ्याकडे गेले असावेत, कारण ते धावतच सुटले. त्या वयात धावलेलं मी त्यांना तेवढंच पाहिलं.

"पिऊन पडला जी, काही नाही," कोणी तरी म्हणालं.

डॉक्टरांनी हुंगलं नाही. कपाळावर हात ठेवला, मानेवर ठेवला. "हा घामानं ओला काऊन? अन् थंड? मंदा, ग्लुकोजच्या सुया, सलाइन. पळ!"

मी पळाले. माझी चप्पल कुठं राहिली ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा बोट टोचून झालं होतं आणि डॉक्टरांच्या खिशातल्या शुगर मशीननं आकडाच दाखवला नव्हता, एवढी खाली होती साखर. पटेलाच्या घरची एक म्हातारी गुळाचं पाणी घेऊन वाकली होती. डॉक्टर ओरडले, "तोंडात काही टाकू नका! बेहोश आहे, ठसक्यानं मरन!" शीर सापडेना. सापडली. ग्लुकोज सोडताना त्यांचे हात स्थिर होते, पण ओठ हलत होते. शेवंता आली ती किंचाळतच. "मी मारलं वो त्यांले! मीच देत होती! पाण्यातून काकडून येते म्हणून देत होती. दारू शुगर जाळते म्हणत सारे, अन् जळून पण राहिली होती रिपोर्टात!"

सुखरामनं डोळे उघडले. सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "लग्न लागलं का?"

गोठ्यात कोणी हसलं, कोणी रडलं. मी दोन्ही केलं. डॉक्टर मात्र तसेच बसून राहिले. थोडा भात खाऊ घातला, पुन्हा तपासलं, आणि गोळीचा असर लवकर जात नाही, साखर परत पडेल म्हणून गाडी करून गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेले. एक रात्र आणि एक दिवस त्याच्या उशाशी बसले, कारण तिथल्या नर्सवर त्यांचा विश्वास नव्हता.

परत आल्यावर शेवंता बोलणी खायच्या तयारीनं आली होती. डॉक्टर म्हणाले, "भात कमी कर म्हणालो. काय खाऊ घालाचं ते सांगतलं नाही. ते माझं चुकलं." मग सुखरामकडे वळले. "पुढं पेशील का?"

"नाही जी. आण घेतो."

"खोटं."

सुखरामनं मान खाली घातली. "थोडी पेईन जी."

"हां," डॉक्टर म्हणाले, "आता तुझा इलाज करता येते." गोळी बदलली. सोड म्हणून बजावलं, सोडवायला मदत देतो म्हणाले, आणि जोवर सुटत नाही तोवर एक नियम घालून दिला. आधी पोटभर जेवण. ताट रिकामं झाल्याशिवाय शिशीला हात नाही.

झालं! गावात बोंब उठली की हुंग्या डॉक्टर दारू लिहून देतो. गटाच्या बायका दवाखान्यावर चालून आल्या. मी शटर अर्धं खाली ओढून पाहत होते. डॉक्टर दारात उभे, शर्टाची गुंडी नीट, एक शब्द बोलेनात. पेशंटची गोष्ट ते चव्हाट्यावर कशी सांगणार? एकीनं त्यांच्या पाटीवर शेण फेकलं. तेव्हा गर्दीतून शेवंता पुढं झाली. चेहरा पांढराफटक.

"बंद करा वो!" ती म्हणाली. "दारू यांनी नाही, मी देत होती. आपल्या हातानं. अध्यक्ष असून. माझा माणूस मेला असता. या बुढ्यानं आपल्यावर विश्वास नाही ठेवला, म्हणून तो जिता आहे."

त्या दिवशी तिचं अध्यक्षपद गेलं. कपाळावरचं कुंकू राहिलं, ती म्हणाली मला, आणि माझ्या काउंटरवर डोकं ठेवून पोटभर रडली.

सुखरामची पुरी सुटली का? कमी झाली, एवढं मी सांगू शकते. डॉक्टरांना विचाराल तर ते यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

मग त्यांचे पाय थकले आणि मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. निघायच्या सकाळी सामान बसस्टँडवर, मुलगी सामानापाशी, आणि डॉक्टरांचा पत्ता नाही. मीच शोधायला निघाले. सापडले तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या एका पळसाच्या आड, चोरासारखे उभे. खाली काठावर सुखराम नुकताच पाण्यातून आला होता, आणि शेवंता त्याच्यापुढं डबा उघडत होती.

"डॉक्टर, भेटून या ना त्याला. जाता जाता," मी म्हटलं. "किती आनंद होईल."

"चूप." त्यांनी मला बाहीला धरून झाडाआड ओढलं. "त्यानं मले पाहिलं, तर नुसतं दाखवाले खाईन तो."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी तेवढीच माया दाटून आली. मी बाजूला उभी राहिले. सुखराम सावकाश जेवत होता. मधेच बायकोशी बोलत होता, मधेच बगळ्यांकडे पाहत होता, पुन्हा एक घास. डॉक्टर हलले नाहीत. बसस्टँडकडून हॉर्न ऐकू आला, एकदा, मग पुन्हा, लांबवर. सुखरामनं शेवटचा भात बोटांनी निपटला, डबा पाण्यात विसळला आणि बायकोच्या हातात दिला. तेव्हा कुठं डॉक्टर वळले. आम्ही बसस्टँडवर पोचलो तेव्हा मुलगी सामानावर एकटीच बसली होती, आणि नागपूरची बस निघून गेली होती.